पोवार मामांची पाठ

पोवार मामा निघाले की उलटे चालत जायचे. मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या आमच्या दोन घरांमध्ये एकच लाकडी कुंपण होतं. त्याच्या पलीकडे उभे राहून मामा अर्धा-पाऊण तास बोलायचे आणि मग "चला, रामराम" म्हणून, तोंड माझ्याकडे ठेवूनच, एकेक पाऊल मागे टाकत आपल्या मागच्या दारापर्यंत जायचे. वाटेत पाण्याचा पाइप असायचा, तुळशीची कुंडी असायची. एकदा कपडे वाळत घालायच्या दांडीवर डोकं आपटलं, तरी वळले नाहीत. मला वाटलं, माणूस कोल्हापूरचा आहे, अंबाबाईच्या देवळातून निघताना देवीला पाठ दाखवायची नाही ही सवय अंगात मुरली असेल. एकदा विचारलंच, "मामा, मी काय देवी आहे का?"

"तू व्हय? तू पुणेकर हाईस. देवी भक्ताला प्रसाद तरी देती, तू च्याबी इचारत न्हाईस."

त्या दिवसापासून कुंपणावरून चहाचा कप जायला लागला.

मामांची मुलगी शुभांगी हॉस्पिटलमध्ये नर्स. मामी गेल्यावर तिने वडिलांना कोल्हापूरहून मेलबर्नला आणलं, आणि त्यांचं सामान लागतं न लागतं तोच कोरोनाने जगाला कुलूप लागलं. तिच्या शिफ्टा वाढत गेल्या. माझं काम घरून चालायचं. "अगं, आज दुपारची, आर्वोची शिफ्ट आहे, यायला उशीर होईल. बाबांकडे जरा बघशील? कुंपणावरूनच गं," असा तिचा मेसेज यायचा. दुसऱ्याच्या घरी पाऊल टाकायला बंदी होती. कुंपणावर हनुवटी टेकवायला कुणी बंदी घातली नव्हती, निदान आम्ही तरी तसं ठरवलं होतं.

मामा बोलायचे ते एकाच विषयावर, मलेशियातल्या एका गावाच्या फुटबॉल क्लबवर. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण लॉकडाउनमध्ये माणूस काहीही ऐकतो. मामा तरुणपणी कोल्हापुरातल्या फाउंड्रीत ओतकाम करायचे. तिथून मलेशियातल्या एका कारखान्यात गेले आणि वीसएक वर्षं तिकडे राहून कोल्हापूरला परतले. क्लबचं खरं नाव लांबलचक होतं. मामा त्याला 'आमची तालीम' म्हणायचे, कारण कोल्हापुरात पेठेपेठेतल्या तालमींच्याच टीम फुटबॉल खेळतात आणि क्लब म्हणजे तालीम याखेरीज दुसरा शब्द त्यांना सुचायचा नाही.

ही तालीम काढली रेल्वेच्या वर्कशॉपमधल्या कामगारांनी. मैदान नदीकाठी. पूर आला की गोलपोस्ट उपटून कुणाच्या तरी पडवीत ठेवायचे आणि पाणी ओसरलं की चिखलात पुन्हा रोवायचे. पुढे क्लब व्यावसायिक झाला, खेळाडूंना पगार सुरू झाले, शर्टावर कारखान्याचं नाव आलं, पत्र्याचा स्टँड उभा राहिला. मलाय, चिनी, तमिळ सगळे त्या एकाच पत्र्याखाली बसायचे. "बाहेर कोन कुनाच्या घरी जेवायचं न्हाई," मामा सांगायचे, "पन गोल झाला की कोन कुनाच्या गळ्यात पडलाय ह्ये कळायचं न्हाई."

त्या स्टँडमध्ये मामांनी हलगी नेली. कोल्हापुरात कुस्तीच्या मैदानात हलगीवाल्यांच्या मागे मागे फिरून ते वाजवायला शिकले होते. पहिल्या दिवशी फाटकावरच्या पोलिसाने अडवलं. तेव्हा शाळामास्तर असलेल्या युसुफ नावाच्या गृहस्थाने, "हा माझा पाहुणा आहे," असं ठोकून दिलं आणि पाहुण्याला आत घेतलं. मग ती हलगी त्या क्लबचा आवाजच झाली. तिथे रीतच पडली की पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत हलगी थांबायची नाही, अंगावर पाच गोल चढले तरी थांबायची नाही. मामांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "जिंकनाऱ्याला टाळ्या असत्यात. हलगी हरनाऱ्यासाठी असती." हे वाक्य माझ्या कामाच्या मीटिंगांनाही ते लागू करायचे. "आज बॉसनं झापलं का? थांब, हलगी आनतो."

क्लबने कप जिंकला ती गोष्ट मी किमान दहा वेळा ऐकली. पण त्याच्या पुढच्या मोसमाचं काय झालं, असं विचारलं की मामांना नेमकं गॅसवरचं दूध आठवायचं. उलटी पावलं त्या दिवशी जरा भरभर पडायची. दहा वेळा कप आणि दहा वेळा दूध झाल्यावर मला शंका यायला लागली. पण म्हाताऱ्या माणसाला खोदून विचारणं काही बरं नव्हे.

कोरोनाच्या दुसऱ्या हिवाळ्यात त्यांनी आपणहून सांगितलं. युसुफ मास्तरांचा फोन आला होता. रिकाम्या स्टँडसमोर सामने खेळून खेळून क्लब डबघाईला आला होता आणि मोसम संपला की बंद होणार होता. इतक्या वर्षांची तालीम गेली, आणि मामा कुंपणापाशी कप हातात घेऊन नुसते उभे. चहावर साय धरली तरी प्यायले नाहीत.

"सेल्वम म्हनून एक पोरगं गोलकीपर हुतं," ते म्हणाले. "लई गुनाचं. कप त्याच्यामुळंच आला."

पुढच्या मोसमात तिकडे सगळीकडे एकच कुजबुज सुरू झाली होती, खेळाडू पैसे घेऊन सामने हरतात म्हणून. खऱ्या बातम्या होत्या आणि त्यांच्या पाठोपाठ खोट्याही होत्या. एका सामन्यात साधा, सरपटत आलेला चेंडू सेल्वमच्या हाताखालून आत गेला. मग दुसरा गेला. मामांनी हलगी थांबवली.

"नुसती थांबवली असती तर एक वेळ चाललं असतं. मी उठलो आन् त्याच्याकडं पाठ केली. माझं बघून शेजारचा वळला, त्याचं बघून त्याच्या शेजारचा. सगळा स्टँड पाठ करून हुबा ऱ्हायला, पुणेकर. त्यानं मागं वळून बघितलं तर त्याला काय दिसलं असंल? नुसत्या पाठी."

सेल्वम त्यानंतर कधी खेळला नाही. पामतेलाचा टँकर चालवायला लागला. काही महिन्यांनी युसुफ मास्तरांकडून मामांना कळलं की त्याचा खांदा आधीच निखळला होता, दुसरा गोलकीपर तापाने आडवा होता आणि क्लबने पट्ट्या बांधून त्याला उभा केला होता. पैसे-बिसे काही नाही. मामा त्याच्या घरी गेले, तर दार उघडलं नाही. पुन्हा गेले, पुन्हा नाही. त्यानंतर मामांनी कुणालाच पाठ दाखवली नाही.

मी त्यांच्या हातातला गार झालेला कप काढून घेतला.  मला त्या टँकर चालवणाऱ्या माणसाचं वाईट वाटत होतं आणि समोरच्या ह्या म्हाताऱ्याचंही.

युसुफ मास्तरांनी स्टँडमधल्या जुन्या मंडळींसाठी रविवारी व्हिडिओ कॉल ठेवला होता. त्यांनी सेल्वमलाही गळ घातली. त्याने निरोप पाठवला, येईन, पण तोंड दाखवणार नाही. पाठ करून बसेन. त्या माणसाला हलगी वाजवू दे. वाजली की बघू, वळायचं की नाही.

"तोंडानं सॉरी म्हणा ना मामा," मी म्हटलं.

"तोंडानं कुठं मारलंय त्याला? हलगीनं मारलंय. माफी मागायची ती बी हलगीनंच."

विमानं बंद, देशाबाहेर जायला परवानगी नाही. मामांच्या हातात होता तो फक्त हा कॉल.

रविवारी शुभांगी ड्यूटीवर होती. हवा दमट, हलगीचं कातडं सैल पडलेलं. कोल्हापुरात पाचोळा पेटवून त्यावर हलगी शेकतात. इथे अंगणात जाळ केला तर शेजारी पोलीस बोलावतील, म्हणून मामांनी शुभांगीच्या बार्बेक्यूवर ती शेकली, पापड भाजावा तशी फिरवून फिरवून. बोटाने टिचकी मारून बघितली. टण्ण! मी उपड्या बादलीवर उभी राहून त्यांचा फोन कपड्यांच्या चिमट्यांनी कुंपणाच्या फळीला अडकवला.

पडद्यावर छोट्या छोट्या चौकटींत सहा-सात म्हातारे होते. मधल्या एका चौकटीत खुर्ची होती आणि खुर्चीत पाठमोरा माणूस. पांढरे केस, निळा शर्ट, उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलेला. त्याची मुलगी बाजूला उभी होती. युसुफ मास्तर दोन शब्द बोलले आणि त्यांनी मामांना खूण केली.

मामांनी देवाला करतात तसा हलगीला नमस्कार केला आणि सुरुवात केली. मी त्यांना तोपर्यंत कधी वाजवताना ऐकलं नव्हतं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी, आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस जागच्या जागी नाचत होता. कुंपणाच्या फळ्या थरथरत होत्या. कोपऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली. 

पडद्यावरची पाठ हलली नाही. मामांनी लय वाढवली. पाठ तशीच. घाम त्यांच्या डोळ्यांत उतरत होता आणि नजर त्या निळ्या शर्टावरून ढळत नव्हती. शेवटी हात भरून आले, काडी निसटली आणि ते थांबले. "बरोबर हाय त्याचं," ते पुटपुटले. "मीबी वळलो नसतो."

तेवढ्यात पडद्यावरची मुलगी पुढे आली. "अंकल, स्टार्ट लाह! अप्पा इज वेटिंग."

क्षणभर आम्हा दोघांनाही काही कळलं नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही कॉलची अॅप्स शहाणी असतात. माणसाचं बोलणं तेवढं पुढे पाठवतात, बाकी सगळं गोंगाट समजून पुसून टाकतात. त्यांनी हलगी पुसली होती. कॅमेऱ्यावर मीच लावलेला चिमटा होता, म्हणजे तिकडे ना चित्र पोहोचलं होतं ना आवाज. तो माणूस आपला पाठ करून, कान देऊन, वाट बघत बसला होता.

मी ओरडले, "मामा, थांबा, सेटिंग बदलते, परत वाजवा!" बादलीवरून वाकून मी फोनला हात घातला आणि फुकटच्या मीटिंगची वेळ संपली. सगळ्या चौकटी विझल्या. दहा मिनिटं आम्ही पुन्हा लावायचा प्रयत्न केला, घोटाळा काय झाला ते युसुफ मास्तरांना कळवलं, पण त्यांचाच मेसेज आला, सेल्वम उठून गेला, दमलाय. त्याला आवाज का आला नाही ते मी समजावून सांगितलंय. पुढच्या रविवारी ये म्हणाला.

तो आठवडाभर मामा रोज हलगी शेकायचे. मी फोनचं सेटिंग तीनतीनदा तपासलं, कुंपणाच्या दोन बाजूंनी एकमेकांना कॉल लावून हलगी ऐकून बघितली. खणखणीत यायची. मामा इतके खुशीत होते की मला पुणेकर म्हणायचं विसरून नावाने हाक मारायचे.

शुक्रवारी सेल्वमला श्वास लागला. तिकडे त्या दिवसांत घरोघरी हेच चाललं होतं. रविवारी, कॉलच्या ठरलेल्या वेळेला, युसुफ मास्तरांनी तो गेल्याचं कळवलं.

मामांनी बार्बेक्यू पेटवला. हलगी शेकली. आणि अंगणात एकटे उभे राहून, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत वाजवायचे तसे, वाजवत राहिले. मागच्या घरातला गोरा माणूस कुंपणावरून डोकावला. आता हा तक्रार करणार म्हणून मी भांडायच्या तयारीने बाहेर आले, तर तो अंगठा वर करून म्हणाला, "गुड ऑन या, मेट!" मामांना ते ऐकूच गेलं नाही. हलगी थांबल्यावर त्यांनी ती गॅरेजमध्ये खिळ्याला अडकवली.

पुढे सीमा उघडल्या. शुभांगीने तिकीट काढते म्हटलं. "जा की मामा," मीही म्हटलं, "त्याच्या मुलीला तरी भेटून या." ते म्हणाले, "पोरीकडं कुठं पाठ केलीया मी? ज्याच्याकडं पाठ केली त्यो ऱ्हायला न्हाई. आता कुनाकडं तोंड करून वाजवू?"   चहा पिऊन झाला की उलटी पावलं टाकत ते घरात जायचे. मी कुंपणाशी उभी राहून, "मामा, पाइप... मामा, कुंडी," असं सांगत राहायचे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मामा झोपेतच गेले. स्मशानाच्या हॉलमध्ये आम्ही दहा-पंधरा माणसं होतो. हलगी शुभांगीने त्यांच्याजवळ ठेवली होती. मंत्र झाले, पडदा सरकायला लागला, आणि गुरुजी म्हणाले, "आता सगळ्यांनी सरळ बाहेर चला. मागे वळून बघायचं नाही."

सगळे वळले आणि निघाले. शुभांगी वळली नाही. पडद्याकडे तोंड ठेवून तिने एक पाऊल मागे टाकलं, मग दुसरं. खुर्चीला अडखळेल म्हणून मी तिच्या मागे जाऊन तिच्या खांद्याला धरलं आणि तिला वाट सांगत दाराकडे नेऊ लागले. गुरुजी घाईघाईने आले. "अहो ताई, मागे वळून बघायचं नसतं."

"वळली कुठंय ती, गुरुजी?" मी म्हटलं, आणि शुभांगीला म्हटलं, "खुर्ची आहे. थोडं डावीकडे."