लांगरीची लढाई

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमच्या भागातून एक पलटण उभी राहिली होती. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली आमच्या समाजाची बरीच पोरं तिच्यात भरती झाली. जळोचीच्या विहारात त्यांच्या नावांचा फलक लावायचं ठरलं आणि माहिती गोळा करायचं काम माझ्याकडं आलं. कुणाच्याही लग्नाचं सामान मीच लिहून काढते, त्यामुळं दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही. मी रकाने आखले: नाव, गाव, हुद्दा, लढाईचं ठिकाण. आणि स्कूटीवरून गावं पालथी घालायला लागले.

पणदऱ्यात ऐंशीच्या घरातल्या एका आजींनी मला हाताला धरून बसवलं. "आमच्या मामंजींचं नाव पयलं लिव्ह. लांगरीला व्हतं. लई मोठी लढाई झाली तितं." त्यांच्या नातवानं त्या लढाईवर शाळेत भाषणही ठोकलं होतं.

घरी येऊन मी नकाशा उघडला. ब्रह्मदेश झाला, इटली झाली, आफ्रिका झाली. लांगरी कुठंच नाही.

फलकासाठी नेमलेल्या समितीच्या पुढच्या बैठकीला आजी स्वतः हजर. समितीत एक निवृत्त फौजी आहेत, त्यांना सगळे मेजर म्हणतात. त्यांना मी लांगरी कुठं आलं ते विचारलं, तर ते हसता हसता चहा सांडून बसले.

"ताई, लांगरी गाव न्हाय. लांगरी म्हंजे पलटणीचा स्वयंपाकी!"

घोळ आमच्या बोलीचा. आमच्याकडं माणूस कारखान्याला असतो, एसटीला असतो, तसे आजींचे सासरे लांगरीला, म्हणजे स्वयंपाकाच्या कामाला होते. नव्या सुनेला ते गाव वाटलं, आणि पलटण गावाला गेली म्हणजे लढाई झालीच असणार.

हशा ओसरल्यावर समितीचे अध्यक्ष आबा म्हणाले, "मग नाव कसं घ्यायचं? फलक लढणाऱ्यांचा हाय."

आजींचं तोंड एवढंसं झालं. पण क्षणभरच.

"व्हय का आबा? मग तुमची लढणारी पोरं दोन्ही टायमाला काय गोळ्या खात व्हती?"

"बरोबर हाय," मेजर म्हणाले. "आन वरनं बॉम्ब पडताना हातात बंदूक हाय का पळी, ते बघून पडत न्हाय."

आबा नरमले. "बरं, घ्या नाव. हुद्दा तेवढा नको."

"का? लाज वाटती?" आजी माझ्याकडं वळल्या. "लिव्ह गं, लांगरी. मामंजींनी माझ्या कालवणाला जन्मभर का नावं ठेवली, ते आत्ता कळलं!"

फलकावर हुद्द्यासकट नाव लागलं. उद्घाटनाला आजींनी पणदऱ्याहून जीप भरून माणसं आणली. फलकापुढं उभ्या राहून भेटेल त्याला सांगत होत्या, "ह्ये आमचं मामंजी. अख्खी पलटण जेवू घातली त्यांनी."