खोटे चार तास, खरी बारा मिनिटं

वेदांतने आकडे वाचायला सुरुवात केली तेव्हा मी तक्त्याचा दिवा लावलाच नव्हता.

सहा वर्षांचा मुलगा, चष्मा लावून स्टुलावर ताठ बसलेला. त्याचा उजवा, म्हणजे चांगला डोळा मी झाकला होता. खोलीत अंधार होता. समोरच्या भिंतीवर आकड्यांचा तक्ता, वरून खाली आकडे बारीक होत जाणारा. मी बटण चाचपत होते आणि हा घडाघडा म्हणत सुटला. सहाव्या ओळीपर्यंत एकही चूक नाही. मागे त्याचे वडील संतोष नाखवा हाताची घडी घालून उभे होते. रेवदंड्याला त्यांची स्वतःची बोट आहे. मुलगा थांबल्यावर ते समाधानाने म्हणाले, "बघा मॅडम. रोज चार तास पट्टी. एक दिवस चुकला न्हाय."

मी तो तक्ता उतरवला, कपाटातला दुसरा लावला आणि मग दिवा लावला. आकडे तेच, क्रम वेगळा. वेदांतने दोन ओळी वाचल्या. तिसरीला मान पुढे काढली, डोळा बारीक केला आणि गप्प झाला. दोन महिन्यांपूर्वी पहिल्या दिवशीही तो दोनच ओळी वाचत होता.

नाखवांनी फक्त "वेद्या" एवढंच म्हटलं. आवाजसुद्धा चढवला नाही. पण मुलगा स्टुलावरून उतरून भिंतीला टेकला. फाइल आणायची आहे असं सांगून मी नाखवांना बाहेर पाठवलं.

मी ऑप्टोमेट्रिस्ट. अलिबागच्या एका छोट्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात सव्वीस वर्षं काम करते. ऑपरेशन डॉक्टर करतात. नजर मोजणं, नंबर काढणं आणि नजरेचे व्यायाम करून घेणं हे माझं काम. वेदांतला जो आजार होता त्याला आम्ही 'लेझी आय' म्हणतो, आळशी डोळा. खरं तर डोळा आळशी नसतो. एका डोळ्याला मोठा नंबर असतो, त्याच्यातून चित्र पुसट येतं, आणि मेंदू ते चित्र घ्यायचंच सोडून देतो. नुसत्या चष्म्याने भागलं नाही, की चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून कमजोर डोळ्याला कामाला लावायचं. याला पॅचिंग म्हणतात. लहान वयात याचा चांगला गुण येतो. वय वाढतं तसं अवघड होत जातं. उपाय साधा आहे, सुई नाही, ऑपरेशन नाही. फक्त पट्टी मुलाच्या डोळ्यावर राहिली पाहिजे. माझी अर्धी नोकरी त्या 'फक्त'मध्ये गेली.

वडील बाहेर गेल्यावर वेदांतने सगळं सांगितलं. नाकाच्या बाजूने पट्टीची कड जराशी उचलली की फट पडते. बाबा दिसले की बोटाने दाबायची. तक्ता मागच्या वेळी पाठ केला होता, कारण घरी गेल्यावर बाबा विचारणार, किती ओळी झाल्या. हे सांगताना तो रडला नाही. एखाद्या कामगाराने पाळीचा हिशेब द्यावा तसं सांगत होता.

"बाबांना सांगितलं असतंस तर?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी काहीतरी भलतंच विचारलं होतं.

योगायोग म्हणजे पुढचा पेशंट त्याच आजाराचा. आयरा, तीही सहा वर्षांची, चौलची. तिची आई सना लग्नाआधी इंग्लंडमध्ये वाढली. नवरा चौलचा. दोघं तिकडून परत येऊन नारळाच्या वाडीत होमस्टे चालवतात. सनाचं मराठी म्हणजे घरातली कोकणी मुसलमानी बोली, त्यात इंग्रजी, पण समजायला काही अडचण नाही; इथे मी ते माझ्या मराठीत लिहिते आहे.

पालकांनी रोज भरायचा एक कागद आम्ही देतो. किती वेळ पट्टी लावली, एवढंच लिहायचं. नाखवांच्या कागदावर साठच्या साठ दिवस चार तास होते. सनाच्या कागदावर होतं: बारा मिनिटं. आज नाही म्हणाली. सात मिनिटं. आज विचारलं, नको म्हणाली. खालीही सगळं तसंच. आयराची नजर एका ओळीनेही पुढे सरकली नव्हती.

मी विचारलं, जबरदस्ती का करत नाही? सना शांतपणे म्हणाली की तिच्या घरात दादाजान, म्हणजे आजोबा, फार कडक होते. लहानपणी ती सगळ्याला हो म्हणायला शिकली आणि मनात एक अक्षरही घेतलं नाही. तिकडच्या शाळेत पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारलं, तुला काय वाटतं? तेव्हाच तिने ठरवलं होतं, आपल्या मुलीला असंच विचारायचं.

दोन्ही फाइली घेऊन मी आमच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. एका घरात खोटे चार तास, दुसऱ्या घरात खरी बारा मिनिटं. डोळ्यांच्या हिशेबाने दोन्ही सारखंच.

"थेंब देऊन बघायचे?" मी विचारलं. चांगल्या डोळ्याची नजर तात्पुरती पुसट करणारे थेंब असतात.

"एवढ्या कमजोर डोळ्याला पट्टीच बरी. आठ आठवडे बघा. आईबापांना नीट समजावा."

"दोन महिन्यांपूर्वी नीटच समजावलं होतं, सर."

"मग या वेळी वेगळं समजावा," ते म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला.

मी बाहेर आले तर कॉरिडॉरच्या बाकावर दोन्ही मुलं शेजारी बसली होती. आयराच्या खिशात पट्टी होती, वेदांतच्या डोळ्यावर. ती त्याला सांगत होती की मला आवडत नाही म्हणून मी लावत नाही. वेदांत थक्क झाला होता.

"आनि तुला कोन मारत न्हाय?"

"नाही. तुला मारतात?"

वेदांतने विचार केला. "मारत न्हाईत. बघतात."

मी दाराशीच थांबले. नाखवा माझ्या बाजूलाच उभे होते. त्यांनीही ते ऐकलं. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो.

मी दोन्ही पालकांना माझ्या खोलीत बसवलं आणि सरळ सांगितलं की दोघांचीही पद्धत चाललेली नाही. नाखवांना राग आला. पट्टी लावल्याचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी फटीचं सांगितलं. ते उठायला लागले. मी म्हटलं, आता घरी जाऊन त्याला काही बोललात, तर तो पुढच्या वेळी याहून चांगली फसवणूक शिकून येईल. ते परत बसले.

"मॅडम, बोटीवर मी 'बस' बोललो की बसायलाच पायजे," ते म्हणाले. "का म्हणून इचारत ऱ्हायला तर पान्यात जाईल. माझा भाऊ गेलाय असा. मी कडक हाय ते हौस म्हणून न्हाय."

सना म्हणाली, "नाखवाभाऊ, बोटीवर तुमचंच बरोबर. पण तिथे त्याचा पाय घसरला, तर तो पहिल्यांदा कुणाला सांगेल?"

नाखवांनी उलट तिलाच विचारलं, "आनि भाभी, वारा तुमच्या पोरीला इचारून सुटनार काय?"

सना हसली. मग म्हणाली, "ठाम राहणं मला जमत नाही, खरं आहे. ती रडायला लागली की मी सगळं सोडून देते."

मला तिथेच सुचलं. रेवदंडा आणि चौल लागून आहेत, रिक्षाने दहा मिनिटं. दोघांना दिवसाला चार तास पट्टी हवी. त्यातले दोन तास मुलांनी एकत्र बसायचं, शाळा सुटल्यावर चार ते सहा, नाखवांच्या पडवीत. बारीक नजरेचं काहीतरी काम करायचं. उरलेले दोन तास आपापल्या घरी. सनाही तिथे बसेल. वेळ नाखवा ठरवतील. पण पट्टी काढली तर मुलांनी सनाला सांगायचं आणि नाखवांनी त्यात पडायचं नाही. हे कुठल्याही पुस्तकात नाही. आमच्या कॉलेजात असलं काही शिकवलेलं नाही. नाखवा म्हणाले, बघू. सना म्हणाली, मी तिला विचारते. मी म्हटलं, विचारू नका. कुठे जायचं ते फक्त सांगा. विचारायचंच असेल तर चष्म्याची नवी फ्रेम कुठली हवी ते विचारा.

पहिला दिवस कसा गेला ते सनाने मला फोनवर सांगितलं. आयराने पडवीत पाय आपटले. पट्टी नको म्हणाली. नाखवा जाळं दुरुस्त करत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "सहाला काढायची." आणि पुन्हा जाळ्यात गुंतले. आयरा वाट बघत राहिली. कुणी समजावेना, कुणी ओरडेना, कुणी बिस्किटही देईना. शेवटी ती वेदांतजवळ जाऊन बसली. नाखवांच्या बायकोने, कवितावहिनीने, दोघांपुढे रंगीत मण्यांचा डबा आणि दोरा ठेवला. सहा वाजता नाखवांनी स्वतःच्या हाताने तिची पट्टी अलगद काढली आणि म्हणाले, "झाला टाइम." मुलगी घरी येऊन आईला म्हणाली, तिथे वाद घालायला कुणीच नाही.

सना म्हणाली, "मॅडम, मला थोडं वाईटच वाटलं. माझ्याकडून जे झालं नाही ते त्यांनी एका वाक्यात केलं."

पण अवघड काम वेदांतचं होतं. पुढच्या रविवारी मी स्वतःच रेवदंड्याला गेले. पडवीत बसून चहा घेत होते. नाखवा खांबाशी जाळं घेऊन बसले होते, सना मण्यांची गाठ सोडवत होती. वेदांत घरात पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आलाच नाही. परत आला तो सरळ सनासमोर उभा राहिला.

"भाभी, मी पट्टी काढलेली. आतमध्ये."

नाखवांचा हात थांबला. मला वाटलं, संपलं सगळं. त्यांच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. सना मात्र मणी खाली ठेवून म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. का काढलीस?"

"खाज आलेली."

तिने पट्टी बघितली. चिकट भागाखाली कातडीवर पुरळ उठलं होतं. दोन महिने असंच उठत आणि मावळत असणार. कुणाला सांगणार? मी बॅगेतून त्याच्या चष्म्यावर चढवायची कापडी पट्टी काढली, जी चिकटवावी लागत नाही. नाकाच्या बाजूने फट राहणार नाही अशी नीट बसवली.

नाखवा उठले. मुलाजवळ आले, खाली बसले आणि लाल झालेल्या गालाला अंगठा लावून बघितला. मग म्हणाले, "किती येळ काढलेली?"

"थोडा येळ."

"मग तेवढा येळ जास्त बस."

"व्हय," वेदांत म्हणाला आणि बसला. त्या दिवशी त्याच्या पट्टीखाली बोट गेलेलं मी पाहिलं नाही.

आठ आठवड्यांनी दोघं तपासणीला आले. मी कुणालाही न दाखवलेला नवा तक्ता लावला होता. नाखवा दारापर्यंत आले आणि स्वतःहून म्हणाले, मी भायेर थांबतो. मी म्हटलं, आता आत थांबलात तरी चालेल.

वेदांतने पहिली ओळ वाचली. दुसरी. तिसरी, सावकाश, एकेक आकडा तपासून. चौथी. पाचव्या ओळीला त्याने मान पुढे काढली, मग परत मागे घेतली.

"हे मना दिसत न्हाय," तो म्हणाला, मागे वडिलांकडे वळून बघत.

"न्हाय तर न्हाय," नाखवा म्हणाले. "चार झाल्या."

सव्वीस वर्षांत मी पुष्कळ तपासण्या केल्या. 'दिसत नाही' ऐकून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. आयराच्या पाच ओळी झाल्या. सनाच्या कागदावर आता 'नको म्हणाली' नव्हतं, नुसते तास होते, आणि नाखवांच्या कागदावर पहिल्यांदाच खाडाखोड होती, कुठे चार खोडून साडेतीन केलेले. मी दोन्ही कागद डॉक्टरांना नेऊन दाखवले. त्यांनी आधी खाडाखोडीचा वाचला.

नंतर पट्टीचे तास हळूहळू कमी करत नेले. एका वर्षाने शेवटची तपासणी डॉक्टरांनी स्वतः केली, त्यांच्या खोलीतल्या तक्त्यावर. आयराने सातही ओळी वाचल्या. वेदांतने सहा, आणि सातवीतले तीन आकडे. दोन्ही डोळ्यांनी मिळून वस्तू किती जवळ, किती लांब ते कळतं का याची चाचणी असते, खास चष्मा लावून चित्रातली माशी वर उठलेली दिसते का ते बघायचं. वेदांतने ती चिमटीत पकडायला हात घातला. नाखवा मोठ्याने हसले, आणि मग खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. सनाने त्यांच्याकडे बघणं टाळलं. डॉक्टर मला म्हणाले, "काय समजावलंत हो यांना?" मी म्हटलं, "मी नाही, सर. त्यांनीच एकमेकांना समजावलं."

हल्ली पालक मला विचारतात, मॅडम, कडक राहू की प्रेमाने घेऊ? मी सांगते, वेळ ठरलेली ठेवा, आणि ती मोडली तर मुलाला येऊन सांगता आलं पाहिजे. यातलं एकच जमत असेल, तर दुसरं जमणारा शेजारी शोधा.