टिटवी टाळून

गेल्या वर्षी होळीच्या आसपास बाबा गेले. त्याच्या आदल्या रात्री आमच्या छतावर टिटवी ओरडत होती, असं आई सांगते. मी झोपले होते. तेव्हापासून तो आवाज कानावर पडला की आई ठरलेलं काम मोडते. चुलतबहिणीच्या साखरपुड्याला ती अशीच दारातून परत फिरली होती.

यंदा मार्चच्या सुरुवातीला तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं होतं. एकदा पुढे ढकललेलं. आता थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दोन दिवस आधी ती म्हणाली, "मलाबी घेऊन चल पाखरं बघाय. घरात जीव घाबरलाला."

नाही म्हणता आलं नाही. पक्षी बघायला मी नेहमी जाते तो रेणापूरकडचा तलाव सोडला. टिटव्या मला कायम पाण्याच्या काठी दिसलेल्या. म्हणून तिला पलीकडच्या मुरमाड माळावर नेलं.

सकाळ अजून गार होती. काढून नेलेल्या हरभऱ्याच्या रानात चंडोल उडत होते. बांधावरचा पळस पानं टाकून नुसता लाल झाला होता. आईने दुर्बीण उलटी धरली, मग सरळ केली.

"एवढं इंग्लिश शाळेत घातलं," ती म्हणाली, "अन् पोरगी चिमण्या बघत हिंडलाली."

"चिमणी नाही, मम्मी. खाटीक आहे तो."

"नाव तरी बरं सांग की सकाळच्या पारी."

ती हसली. वर्षभरात तिचं हसणं मी फारसं ऐकलं नव्हतं. मला वाटलं, निभावलं. तरी प्रत्येक आवाजाला माझी मान वळत होती, आणि माझ्या लक्षात आलं की तिचीही वळते आहे. आम्ही दोघी एकाच गोष्टीला कान लावून चाललो होतो आणि त्याबद्दल बोलत नव्हतो.

माळाच्या मध्यावर टिटवी उठली. थेट आमच्या पायांपुढून. डोक्यावर घिरट्या घालत, ओरडत, खाली झेपावत. आई जागच्या जागी उभी राहिली. पदर तोंडाशी.

तेव्हा मला माझी चूक कळली. उन्हाळा तोंडावर आला की टिटव्या अंडी घालायला उघड्या, खडकाळ जागा धरतात. हे मी वाचलेलं होतं. पाणी टाळण्याच्या नादात मी तिला नेमकं तिथंच आणलं होतं.

"मम्मी, हलू नको. खाली बघ."

तिच्या चपलेपासून हातभर अंतरावर, खड्यांत खड्यांसारखीच ठिपक्याठिपक्यांची अंडी होती. मी घाईघाईने सांगितलं, की ती अंड्यांसाठी ओरडते. आपण जवळ आलो म्हणून. दुसरं काही नाही.

आई बराच वेळ अंड्यांकडे बघत राहिली. वर ओरडणं चालूच होतं. मग तिने शांतपणे विचारलं, "मग त्या रातीला आपल्या घरावर कशाची अंडी होती?"

छतावरही घालतात कधी कधी, असं मी पुटपुटले.

घरी आल्यावर आई चहासुद्धा न घेता म्हणाली, "वर जाऊन बघ."

"मम्मी, वर्ष झालं."

"बघ म्हणते न्हवं."

छत तापलं होतं. बाबांनी टाकीच्या दुरुस्तीसाठी आणलेली खडी कोपऱ्यात तशीच पसरलेली होती. बाबांनंतर तिथं कुणी गेलंच नव्हतं. खडीत मधोमध एक उथळ खळगा होता. पावसाने पडलेला असेल. मांजर बसलं असेल. मी वाकून त्यात हात घातला. खडे कोमट होते.

खाली आले तर आई जिन्याच्या तोंडाशीच उभी.

"खळगा आहे," मी म्हणाले.

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, गरजेपेक्षा जास्त वेळ. मग आत जाऊन दवाखान्याची पिशवी भरायला घेतली. मी दारात उभी राहून बघत होते. मध्येच थांबून तिने छताकडे मान केली, कान देऊन राहिली, आणि पुन्हा कपड्यांच्या घड्या घालू लागली.