नाव घेतल्याशिवाय आत नाही

जंगलाच्या तोंडाशी गाडी थांबली की आप्पा आधी तोंडातली तंबाखू थुंकायचे, चूळ भरायचे, चपला काढायचे आणि टोपी सारखी करत म्हणायचे, "चला, पैला देवाकडं हजेरी." मग आम्ही बायकापोरांसकट पंचवीसएक माणसं रस्त्याकडेच्या शेंदूर फासलेल्या दगडासमोर गोळा व्हायचो. त्या दगडाला देऊळ नाही, कळस नाही. वर जांभळीचं झाड, आणि समोर हात जोडून उभे आप्पा.

आप्पा बेळगावजवळच्या मच्छेतल्या आमच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि मी ड्रॉइंग ऑफिसात. दर हिवाळ्यात आम्ही काहीजण घरच्यांना घेऊन जांबोटीच्या पलीकडच्या जंगलात, वन खात्याच्या तंबूंत दोन दिवस राहायला जातो. दोन दिवसांसाठी पाच दिवसांचं खाणं नेतो. भाकऱ्या, खर्डा, चिवडा, वर गोडाला बेळगावी कुंद्याचे डबे. दरवर्षी फाटकावरचा गार्ड विचारतो की तुम्ही राहायला आलात की हॉटेल काढायला. पण फाटकाच्या आधी आप्पांचं गाऱ्हाणं व्हायचंच.

गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आमच्या बाजूचे नव्हे. इथं गावचा एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीनं देवाशी मोठ्यानं बोलतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. आप्पांचं गाव खानापूरच्या जंगलाला लागून, आणि हा मान त्यांच्या घराकडं. जंगलात शिरणाऱ्या प्रत्येकाचं नाव देवाच्या कानावर घातलंच पाहिजे, हा त्यांचा नियम. ज्याचं नाव घेतलं त्याची जबाबदारी देवाची. ज्याचं राहिलं, तो आपल्या नशिबावर.

नुसती नावं घेऊन ते थांबले असते तर आमची अब्रू वाचली असती. पण प्रत्येकाच्या नावामागं ते त्याचं काय दुखतंखुपतं तेही सांगायचे. आमच्या वेल्डिंगच्या सुपरवायझरबद्दल त्यांनी देवाला कळवलं होतं की हा लई घोरतो, तरी वाघानं गैरसमज करून घेऊ नये. आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा."

माझी पाळी पुढच्याच वर्षी आली. मला पुण्याच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं आणि हे मी फक्त आप्पांना सांगितलं होतं, स्टोअरच्या खिडकीत, हळू आवाजात. गाऱ्हाण्यात माझं नाव आलं आणि आप्पा म्हणाले, "ह्यो पुण्याला जाऊ म्हनतोय, पर बायकोला सांगायचं ह्याला धाडस हुईना. त्येवढं धाडस दे." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बायकोनं सगळ्यांत स्पष्ट म्हटलं. पुण्याचा विषय त्याच दुपारी तंबूत संपला आणि मी अजून बेळगावात आहे.

एकदा बेंगळुरूकडचा एक नवा इंजिनिअर मोटारसायकलवरून उशिरा आला. आम्ही जेवायला बसलो होतो. आप्पा पत्रावळीवरून उठले, त्याला घेऊन मैलभर मागं चालत गेले आणि दगडासमोर त्याच्यापुरतं गाऱ्हाणं पुन्हा घातलं, तेही कन्नडमध्ये. मी विचारलं तर म्हणाले की देवाला दोन्ही येतं, पण त्या पोराला आपल्याबद्दल काय बोलणं चाललंय ते कळायला नको का.

एवढ्या माणसांची नावं घेणारे आप्पा एक नाव मात्र घेत नव्हते. त्यांची एकुलती एक मुलगी रूपा. तिनं निपाणीतल्या एका मुलाशी आपलं आपण लग्न ठरवलं, रजिस्टर केलं आणि घरी नुसतं कळवलं. मुलगा चांगला होता, शाळेत मास्तर होता, हे आप्पांनाही मान्य होतं. विचारलं नाही, हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. "आता माज्या तोंडातनं तिचं नाव येनार न्हाय," असं ते भर कँटीनमध्ये म्हणाले आणि दोन वर्षं तो शब्द त्यांनी पाळला. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, लेकीशी चोरून फोनवर बोलायच्या. आप्पा त्या वेळी मुद्दाम अंगणात जाऊन झाडांना पाणी घालायचे. एवढं पाणी की कढीपत्ता कुजून गेला.

तंबूंचं बुकिंग दरवर्षी मी करतो. त्या वर्षी काकू आमच्या घरी आल्या आणि मोबाईलवरचा रूपाच्या आधार कार्डाचा फोटो माझ्यापुढं धरला. म्हणाल्या, "हिचं बी नाव यादीत घाल. बाकीचं त्येंच्याकडनंच करून घ्यायचं." मी हो म्हटलं खरं, पण आठवडाभर मला जेवण गेलं नाही. आप्पांनी तिचं नाव घेतलं नाही तर ती पोरगी सगळ्यांदेखत दगडासमोर उभी राहून परक्यासारखी ठरणार होती, आणि तिला तिथं उभी करणारा मीच होतो.

रूपा पिरनवाडीच्या नाक्यावर गाडीत चढली. आप्पांनी तिच्याकडं एकदा पाहिलं, आपली जागा सोडली आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. जांबोटी येईपर्यंत गाडीत कुणी चिवड्याचा डबासुद्धा उघडला नाही.

दगडापाशी उतरलो. चूळ, चपला, टोपी. आप्पांनी हात जोडले आणि सुरू केलं. एकेक घर, एकेक नाव. वेल्डिंगवाल्याचं घोरणं, कुणाच्या पोराची दहावी, कुणाचा गुडघा. आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणत होतो, पण नजर सगळ्यांची रूपावर होती. ती ओढणीचं टोक मुठीत धरून शेवटच्या रांगेत उभी होती. आप्पा आपल्या घरची नावं नेहमी शेवटी घ्यायचे. स्वतःचं घेतलं. काकूंचं घेतलं. आणि थांबले.

वर माकडांची उड्या मारायची गडबड चालली होती. गार्ड फाटकाचा दांडा अर्धा उचलून तसाच उभा राहिला. काकूंनी डोळे मिटले होते. आप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मला वाटलं, संपलं. आता ते वळून चपला घालणार.

"आनि माजी रूपा," आप्पा म्हणाले. "ल्हानपनापासनं हिला थंडी लई बाधतीया. तेवढं बघ."

माझ्या तोंडून "व्हय म्हाराजा" निघालंच नाही. इतरांचंही फारसं निघालं नसावं. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. आप्पा कुणाकडं न बघता चपला घालत होते, डावी उजव्या पायात. रूपानं खाली बसून त्या नीट केल्या. मग गाडीत बसताना त्यांनी तिला आपला मफलर दिला आणि वर रागावून विचारलं की निपाणीत स्वेटर मिळत नाहीत काय.

आता आप्पा आमच्याबरोबर येत नाहीत. रिटायर झाले आणि बिऱ्हाडच निपाणीला गेलं. रूपालाही शाळेत नोकरी लागली, वर सात महिन्यांची मुलगी. लेकीकडं चार दिवसांपेक्षा जास्त राहू नये म्हणणारे आप्पा तिथं वर्षभर आहेत. यंदा तरी चला म्हणून मी फोन केला, तर म्हणाले, "आनि हिला झोपवनार कोन? तू नावं धाड. मी हितनं घालतो."

मी यादी पाठवली. त्यांनी गाऱ्हाणं रेकॉर्ड करून पाठवलं. जंगलात रेंज नसते म्हणून ते मी आधीच उतरवून घेतलं, आणि मोबाईल दगडाजवळ पानावर ठेवला. आम्ही सगळे चपला काढून उभे. आप्पांचा आवाज आला, नावं सुरू झाली, "व्हय म्हाराजा" सुरू झालं. अर्ध्या वाटेवर रेकॉर्डिंगमध्येच पलीकडं बाळ रडायला लागलं. आप्पांनी दोन नावं घाईघाईनं घेतली. रडणं वाढलं.

"देवा, जरा थांब," आप्पा म्हणाले. "आलो गं बाई, आलो."

त्यापुढं काही नव्हतं. आमची सात नावं राहिली होती, त्यात माझंही. आम्ही एकमेकांकडं बघितलं, सगळ्यांनी मिळून "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि आत गेलो.