तांदळाच्या पिंपातली फिल्म

पेणचा आमचा फोटोमामा हलणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर चिडायचा. मूल चुळबुळलं, पदर उडाला की झालं! "हलू नको," म्हणत तळहात पुढे करायचा. अर्ध्या पेणच्या भिंतींवर हार घातलेली माणसं त्याचंच ऐकून अजून हललेली नाहीत. स्वतःचा फोटो मात्र त्याने कधी काढू दिला नाही. हट्टी मेला!

फोटोचं दुकान कायमचं बंद केल्यावरही कृष्णधवल फिल्म तो घरीच धुवायचा. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं औषध, पाण्यात अगदी पातळ करून फिल्मच्या बंद डब्यात ओतायचा, सुरुवातीला जरासा हलवायचा आणि मग डबा तासभर तांदळाच्या पिंपात पुरायचा. तिथे धक्का नाही, उकाडा नाही. "औषध आपलं काम करतंय, त्याला हात लावायचा नाय," म्हणायचा. मी शिफ्ट संपवून रोह्याहून गेले तरी त्या तासात मुकाट बसायचं. मामी भांडंसुद्धा वाजवायची नाही.

गेल्या हिवाळ्यात असाच डबा पुरून तो ओटीवर खुर्चीत टेकला. मामी समोरून पाय न वाजवता जात-येत होती. जोहे गावातला त्याचा मित्र आला, त्यालाही तिने ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. तास उलटला तरी हा उठेना, तेव्हा तिने हाक मारली. अंग गार पडलं होतं.

"मी आधी हाक मारली असती तर गो?" दिवसकार्य होईपर्यंत ती मला हेच विचारत होती. हार घालायला त्याचा एक फोटो नव्हता. पाटावर नुसता चष्मा ठेवला होता.

बाराव्याच्या स्वयंपाकाला तांदूळ काढताना तिच्या हाताला डबा लागला. त्याची आठवणच कुणाला राहिली नव्हती. फिल्म केव्हाच वाया गेली असणार, असं मला वाटलं. तरी मामाने शिकवल्याप्रमाणे जुनं औषध ओतून दिलं, चित्र पक्कं करणारा हायपो घातला, फिल्म धुऊन दोरीवर टांगली. सगळी काळवंडली होती. शेवटचं चित्र तेवढं कसंबसं दिसत होतं. ते मामीने काढलेलं. तिच्या हट्टापायी त्याने एकदाच कॅमेरा तिच्या हाती दिला होता, आणि आपला हात हलला, फोटो काय यायचा नाय, असं ती तेव्हापासून म्हणत होती.

छापून घेतलेला तो फोटो आता ओटीवर आहे. धुरकट मामा, ओठ अर्धवट उघडे, तळहात पुढे. मला अजून त्याच्याकडे फार वेळ बघवत नाही. मामी त्याला हार घालू देत नाही. समोरून जाताना जागच्या जागी थांबते. परवा मी तिला हळूच विचारलं, काय बघतेस?

"हलू नको म्हणतोय गो," ती म्हणाली. "मी त्या दिशी तेवढंच ऐकलं."