तोंडाबाहेरची चांदी

करंज्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव सुरू झाला की भामाचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा. नवरा बाळू होडीतून टोपल्या उतरवायचा आणि पुढचं सगळं ती बघायची. भाव ठरवायची, उरलेले बोंबील बांबूच्या वलांडीवर वाळत घालायची. सकाळी भाजलेल्या तंबाखूच्या मशेरीने दात घासल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे. आई तशीच घासायची, सासूही. गालाच्या आत पांढरा चट्टा आला आणि चिघळला, तेव्हा तिने चाळिशी नुकतीच ओलांडली होती. मुंबईच्या इस्पितळात गालाचं ऑपरेशन झालं, मग बरेच दिवस किरणांचे शेक दिले. कॅन्सर गेला. भामा घरी आली तेव्हा बाळूने एकवीरेची ओटी भरवली.

पण शेकाने तिच्या तोंडातली लाळ आटवली होती. पाण्याच्या घोटाशिवाय भात गळ्याखाली उतरेना. बोलताना जीभ टाळूला चिकटायची, त्यामुळे लिलावात उभं राहणं सुटलं. वर्षभरातच दात किडायला लागले. हिरडीला लागून काळी रेघ उमटायची आणि बघता बघता दात पोखरला जायचा. उरणच्या दातांच्या डॉक्टरांनी नुसतं तोंडात पाहिलं आणि तिला पनवेलच्या दातांच्या कॉलेजात पाठवून दिलं.

तिथे तिला सायमा भेटली. पनवेलच्याच कोकणी मुसलमान घरातली, डॉक्टर होऊन पुढचं शिकत असलेली मुलगी. भामाने खुर्चीत बसल्या बसल्या सांगून टाकलं, सगळे दात काढ आणि कवळी बसव. सायमाने हातातली हत्यारं खाली ठेवली.

“मावशी, हे दात काढणं फार धोक्याचं आहे. शेक दिलेलं हाड जखम भरून काढत नाही. एकदा उघडं पडलं की सडत जातं. जे आहेत तेच आपल्याला टिकवायचे आहेत.”

मग दात भरणं सुरू झालं. सायमा कीड कोरून काढायची आणि खड्ड्यात पांढरं सिमेंट भरायची. काही महिने बरे जायचे. नंतर त्या सिमेंटच्या कडेलाच पुन्हा काळी रेघ दिसायची. लाळ नाही, म्हणून जंतूंना आवर घालणारं कुणी नाही, असं सायमा सांगायची. भामा पुन्हा एसटीने पनवेल गाठायची. जासईजवळ कंटेनरच्या गाड्यांत एसटी अडकून पडली की पिशवीतली पाण्याची बाटली रिकामी व्हायची, आणि गव्हाण फाटा येईतो तिच्या तोंडाचं नुसतं लाकूड व्हायचं.

त्याच सुमारास सायमाने अभ्यासासाठी विषय घेतला, तो भामासारख्यांना बघूनच. दात भरायच्या सिमेंटमध्ये चांदीचे कण मिसळायचे. कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत हजारो मावतील. चांदी जंतूंना मारते, तेव्हा सिमेंटच्या कडेला कीड धरणार नाही, अशी तिला आशा होती. त्यासाठी खऱ्या रुग्णाच्या तोंडातले जंतू हवे होते. दातांवरचं किटण थोडं खरवडून घेऊ का, असं तिने विचारलं. भामाला हसू आलं. असली घाण कुणी मागून नेतं, हे ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिने तोंड उघडलं.

पुढच्या खेपेला सायमा तिला प्रयोगशाळेत घेऊन गेली. काचेच्या चपट्या डबीत तिच्या तोंडातले जंतू वाढवले होते, गढूळ साय धरावी तसे. मध्ये सिमेंटच्या दोन टिकल्या होत्या. साध्या टिकलीला जंतू चारी बाजूंनी चिकटले होते. चांदीच्या टिकलीभोवती मात्र स्वच्छ, मोकळं कडं होतं. जंतू तिथवर येऊन थांबले होते.

भामा ते कडं बराच वेळ बघत राहिली. इतक्या दिवसांत ती कीड कुठे तरी थांबलेली तिने पहिल्यांदाच पाहिली.

“हीच भर ना माज्या दातान,” ती म्हणाली.

“नाही भरता येणार, मावशी. अजून फक्त डबीतच करून बघितलंय.”

“अंगठा पायजे त देते. मेले तरी तुजं नाव नाय घेनार.”

सायमाचा चेहरा पडला. तिने समजावून सांगितलं: चांदीने सिमेंट करडं पडतं, जास्त घातली की दाबाखाली तडकतं. शिवाय ती शरीरात किती उतरते हे अजून तपासलेलं नाही. तिच्या अभ्यासावर देखरेख करणाऱ्या सरांना विचारलं असतं तरी त्यांनी परवानगी दिली नसती, आणि तिनेही विचारलं नसतं. भामाने पदर तोंडावर ओढला आणि तडक एसटी स्टँड गाठला.

त्यानंतर ती पनवेलला गेलीच नाही. बाळूने दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा तिने त्याला गप्प केलं. पावसाळा गेला. डावीकडची खालची दाढ मुळापर्यंत ठिसूळ झाली, गाल सुजला. शेवटी बाळूच तिला कॉलेजात घेऊन गेला. आता दाढ काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी औषधं देऊन, होईल तितकी काळजी घेऊन ती काढली. तरीही जे व्हायचं ते झालं. जखम भरली नाही. आतलं हाड उघडं राहिलं, आणि काही महिन्यांनी जबड्याचा तेवढा तुकडा कापावा लागला. भामाचा चेहरा एका बाजूला बसला.

ती घरी आल्यावर सायमा करंज्याला आली. भामा वलांडीखाली सावलीत बसली होती. सायमाने सोबत आणलेली खीर पुढे ठेवली आणि जवळच्या फळीवर टेकली. मग भामाने विचारलं,

“तवा ती चांदी भरली असती, त दाड वाचली असती का गं?”

सायमाने होय म्हटलं असतं तर तिच्यावर दोष आला असता आणि नाही म्हटलं असतं तर सुटका झाली असती, हे भामालाही कळत होतं.

“मला माहीत नाही, मावशी,” ती म्हणाली. “खरंच माहीत नाही.”

भामाने तिच्याकडे नीट पाहिलं. पोरीचे डोळे भरले होते, पण तिने नजर चुकवली नाही. इस्पितळांच्या एवढ्या खेपांत ‘माहीत नाही’ असं भामाला कुणीच सांगितलं नव्हतं. तिने खिरीचं भांडं ओढून घेतलं आणि चमच्याने सावकाश, पाण्याच्या घोटाबरोबर, दोन घास खाल्ले. मग म्हणाली, “पुढल्या सोमवारी येते.”

त्या सोमवारी ती गेली. सायमाने उजवीकडचे दात साध्याच सिमेंटने पुन्हा भरले. पुढे सायमाचं शिक्षण संपलं, लग्न होऊन ती मस्कतला गेली. चांदीचं सिमेंट तोवर प्रयोगशाळेतच होतं. जाण्याआधी तिने भामाला नव्या डॉक्टरांच्या हाती सोपवलं आणि तिच्या दातांची सगळी हकिगत त्यांना समोर बसून सांगितली.

भामा दर काही महिन्यांनी पनवेलला जात राहिली. मशेरी भाजायचा तवा तिने केव्हाच फेकून दिला होता. शेजारची शकू मशेरी लावताना दिसली की भामा तिच्यासमोर जाऊन बसायची आणि बसलेल्या गालावरचा पदर बाजूला करायची. उजव्या बाजूचे दात टिकले. त्यांच्यावर ती कालवणात कालवलेला भात चावायची, अर्धा अर्धा घास, बाळूचं जेवण उरकून त्याला झोप लागली तरी.