पहिलं ‘मंजूर’

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत आपल्याच तोंडानं आपण काय करून बसलो, हे रुपचंदला अजून खरं वाटत नाही. तसं पाहिलं तर तो एकच शब्द बोलला होता. पण गेली अठरा वर्षं तो तेवढाच बोलत आला होता, आणि त्या एका शब्दावर गावाचे ठराव पास होत होते.

धुळ्याहून एस.टी.नं तासाभरावरचं हे गाव. आठवीत असताना रुपचंद पंधरा ऑगस्टला भाषणाला उभा राहिला, ‘अध्यक्ष महाशय’ म्हणाला आणि पुढचं सगळं विसरला. पोरं हसली, मास्तरही हसले. त्यानंतर गडी चारचौघांत तोंड उघडेना. मोठेपणी एका ग्रामसभेत ग्रामसेवकानं हातपंपाचा ठराव वाचला, मंजुरी आहे का म्हणून विचारलं, तर सगळी सभा ढिम्म. लोक एकमेकांची तोंडं बघत बसले. ती शांतता रुपचंदलाच सोसेना. तो पटकन ‘मंजूर’ म्हणाला, आणि लगेच मागून पन्नास जण म्हणाले. त्या दिवशी कौतिक नानांनी, म्हणजे आजच्या सरपंचांनी, त्याला घरी चहाला बोलावलं.

तेव्हापासून पहिलं ‘मंजूर’ रुपचंदचं. यात काय कसब आहे असं ज्याला वाटतं त्यानं एकदा करून बघावं. फार लवकर म्हटलं तर लोक म्हणतात, पढवून आणलाय. उशीर केला तर कोपऱ्यातला एखादा शहाणा ‘पण’ काढतो, आणि एकदा ‘पण’ निघाला की सभा दुपारपर्यंत उठत नाही. पुढच्या रांगेत बसायचं नाही, ती पुढाऱ्यांची. तिसऱ्या रांगेत, मधोमध. आवाज चढवायचा नाही, शेजाऱ्याला किती वाजले ते सांगावं तसा शब्द टाकायचा. लोकांना वाटतं, एवढा साधा माणूस हो म्हणतोय तर ठीकच असेल. ठराव कशाचा आहे हे ऐकायची रुपचंदला कधी गरजच पडली नाही. ग्रामसेवकाचा आवाज कुठे उतरतो, तेवढ्यावर त्याचा कान असायचा.

या गोष्टीचा सगळ्यात जास्त अभिमान बेबाबाईला. ही त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, हिनंच त्याला वाढवलं. पुढे नवरा वारल्यावर ती माहेरी आली आणि गावच्या बसथांब्याला लागून टपरी टाकून चहा-भजी विकू लागली. एकोणीस वर्षं तिचं पोट त्या टपरीवर. गिऱ्हाइकाला चहा देता देता ती रुपचंदबद्दल आपल्या अहिराणीत सांगायची, “मना भाऊ बोलस, तसं गाव करस.”

त्या दिवशी झेंडावंदन आटोपून शाळेच्या पटांगणात सभा बसली. पुढे पुरुष, मागे बाया. बेबाबाईही टपरी बंद ठेवून आली होती. ग्रामसेवकानं सहावा ठराव वाचला: ‘बसथांब्यालगतची विनापरवाना बांधकामे निष्कासित करून सदर जागेवर प्रवासी निवारा उभारणेबाबत. तरी सभेची मंजुरी आहे काय?’ रुपचंद शेजाऱ्याच्या जळालेल्या मोटारपंपाची कहाणी ऐकत होता. आवाज उतरला. रुपचंद म्हणाला, “मंजूर.” मागोमाग सभा म्हणाली. हात वर झाले.

मग कौतिक नाना माईकवर आले. “चांगलं काम झालं,” ते म्हणाले. “थांब्यावरच्या तिन्ही टपऱ्या महिन्याभरात हलतील. नोटिसा काढू.”

त्या तिन्हीतली एक बेबाबाईची. मागे वळून बघायची रुपचंदला हिंमतच होईना. काय करतोय हे कळायच्या आत तो उभा राहिला होता, आठवीनंतर पहिल्यांदा.

“नाना, मनं एक म्हननं शे,” तो म्हणाला. सभा गप्प झाली. “हाऊ ठराव...” एवढं म्हणून तो पुढचा शब्द शोधायला थांबला. पण ही थांबायची जागा सभेच्या चांगल्या ओळखीची होती. मागून कुणीतरी सवयीनं म्हणालं, “मंजूर.” पाठोपाठ पन्नास जण म्हणाले, “मंजूर.”

कुणी हसलं नाही. हसले असते तरी परवडलं असतं. त्यांना खरंच वाटलं, रुपचंदचं काम झालं. ग्रामसेवकानं सातवा ठराव वाचायला घेतला, आणि रुपचंद तसाच खाली बसला.

सभा उठल्यावर गर्दीतून वाट काढत तो टेबलाशी पोचला. “नाना, त्यामा एक टपरी मनी बहीननी शे.”

“आते ठराव व्हयी गया, रुपचंद,” नाना शांतपणे म्हणाले. “पहिला शब्द तुनाच व्हता.”

ग्रामसेवकानं रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. सूचक म्हणून रुपचंदचं नाव. त्याखाली अनुमोदक, श्रीमती बेबाबाई, आणि शेजारी अंगठा. शाई अजून ओली होती. “बायांमध्ये पहिला हात त्यांचाच होता. आत्ताच अंगठा देऊन गेल्या,” ग्रामसेवक म्हणाला. रुपचंदनं ती ओळ पुन्हा वाचली, मग बोट ठेवून वाचली. नाव तेच होतं.

तो थांब्यावर पोचला तेव्हा बेबाबाईनं टपरी उघडून चहा ठेवला होता. अंगठ्याची शाई ती पदराला पुसत होती.

“अक्का, तू ठराव ऐका नही का?”

“ऐका ना,” ती म्हणाली. “ग्रामसेवक बसथांबा म्हनना, तवयच माले समजनं, आपली टपरी उठस.”

“मंग हात कसाले वर कया?”

“तू मंजूर म्हनना. मी म्हनं, मना भाऊनी कायतरी सोय करी ठेयेल व्हई.” तिनं त्याच्यापुढे कप सरकवला आणि विश्वासानं त्याच्याकडे बघितलं. “सांग ना आते, मनी नवी जागा कोठे शे?”